वणवा विझवताना रस्ता आणि गावही वाचवा : घाटातल्या जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सह्याद्रीच्या रांगेतले सर्व जिल्हे
(जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष या नात्याने)

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

मी घाटमाथ्यावरच्या एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. गाव साठ-पासष्ट उंबऱ्यांचं. खाली उतरायला एकच रस्ता, तोही घाटाचा. दवाखाना खाली, बाजार खाली, हायस्कूल खाली, दहावीचं परीक्षा केंद्रही खालीच. पावसाळ्यात दरड आली की आमचा रस्ता बंद होतो, आणि त्याची तजवीज तुमच्याकडे असते. जेसीबी कुठे उभा करायचा, कोणत्या गावाला आधी धान्य पोचवायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं मे महिन्यातच कागदावर येतं. उन्हाळ्यात डोंगर पेटला की हाच रस्ता बंद होतो, तेव्हा मात्र असा कागद कुणाकडेच नसतो. हे पत्र त्यासाठी.

गेल्या वर्षी दहावीची परीक्षा चालू होती. आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला तिसऱ्या वळणाच्या खालच्या अंगाचं गवत पेटलं. कुणी पेटवलं, कशाने पेटलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. वारा खालून वर होता. उताराला लागलेली आग वर कशी धावते हे घाटात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही: ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून वाळवून ठेवते, मग तिथे पोचायला तिला वेळ लागत नाही. अर्ध्या तासात ती रस्त्याच्या कठड्याला येऊन भिडली.

वनरक्षक आले, बरोबर चार हंगामी मजूर आणि दोन ब्लोअर. गावातून वीस-पंचवीस माणसं गेली. ब्लोअरने पालापाचोळा बाजूला सारून माती उघडी करायची, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. बाकीच्यांच्या हातात निरगुडीच्या नाहीतर करवंदीच्या ओल्या डहाळ्या. नवखा माणूस डहाळी डोक्यावर उचलून आपटतो आणि ठिणग्या मागे उडवतो. जाणता माणूस ती जमिनीलगत दाबतो, तशीच आगीच्या दिशेने ओढतो आणि पुढे सरकतो. आमच्या गावात हे काम नऊ-दहा वर्षांच्या पोरालाही येतं. त्याचा मला अभिमान वाटत नाही, काळजी वाटते.

त्या रात्री घाटरस्त्यालाच जाळरेषा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, मानायचं ठरलं. निर्णय बरोबर होता. डांबर पेटत नाही, आणि इतकी रुंद मोकळी पट्टी डोंगरात दुसरी कुठे मिळायची? रस्त्याच्या कडेने गवत मुद्दाम पेटवून खालून येणाऱ्या आगीसमोर सोडलं. दोन्ही आगी भेटल्या आणि जागच्या जागी बसल्या. रात्री दोन वाजेपर्यंत वरचा डोंगर वाचला. त्यावर हिरड्याची झाडं आहेत, गावातल्या कितीतरी घरांचा वर्षाचा वरखर्च त्यावर निघतो. ज्यांनी तो वाचवला त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

पण साहेब, रस्ता जाळरेषा झाला तेव्हा तो रस्ता राहिला नाही, आणि ही गोष्ट कुणाच्या कामातच बसत नव्हती. रस्ता बंद केल्याचा हुकूम कुणी काढला नव्हता. दोन पोरांनी वरच्या बाजूला एक फांदी आडवी टाकली होती, तेवढाच काय तो अडथळा. खालच्या टोकाला कुणीच नव्हतं. त्यामुळे फिरायला आलेल्या गाड्या चौथ्या वळणापर्यंत आल्या, धुरात अडकल्या, आणि माघारी वळायला जागा नाही म्हणून तिथेच थांबल्या. काहीजण मोबाइल काढून उभे राहिले. वन विभागाची दुसरी गाडी त्यांच्या मागे पाऊण तास अडकून पडली. त्या गाडीत प्यायचं पाणी आणि बॅटऱ्या होत्या.

मुक्कामाची एसटी त्या संध्याकाळी वर आली नाही. ज्यांनी खेड्यात दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: मुक्कामाची गाडी संध्याकाळी गावात येते, चालक-वाहक रात्री देवळात नाहीतर शाळेत झोपतात, आणि सकाळी साडेसहाला तीच गाडी पोरांना, दूधवाल्यांना, दवाखान्याच्या माणसांना घेऊन उतरते. ती रात्री आली नाही म्हणजे सकाळची गाडी नाही. आणि सकाळी दहावीचा पेपर होता.

माझ्या हाताखालून शिकून गेलेली सात पोरं होती. पहाटे पाचपासून फाट्यावर उभी. साडेआठला एक पिकअपवाला तयार झाला. त्याच्याही पोटात गोळाच होता, कारण आग विझली तरी डोंगर स्वस्थ बसलेला नव्हता. उतारावरचे दगड गवताच्या आणि झुडपांच्या मुळ्यांनी धरून ठेवलेले असतात. मुळ्या जळाल्या की दगड सुटतात, एक-दोन दिवस सुटत राहतात. सहाव्या वळणावर ऐनाचा एक जळका ओंडका रस्त्यावर आडवा झाला होता, आतून अजून धगधगत होता. पोरांनी आणि पिकअपवाल्याने मिळून तो ढकलला. अकराला पाच मिनिटं कमी असताना ती केंद्रावर पोचली. हाताला काजळी लागलेली. केंद्रावरच्या बाईंनी आधी सगळ्यांना नळावर नेऊन हात धुवायला लावले, उत्तरपत्रिका काळ्या होऊ नयेत म्हणून. पेपर कुणाचाच बुडाला नाही. पण जी मुलगी वर्गात पहिली यायची तिने घरी आल्यावर मला एवढंच सांगितलं, "बाई, पहिला प्रश्न मी तीनदा वाचला, मला दिसतच नव्हता."

हे कुठल्याही नोंदीत आलेलं नाही. नोंदीत आलं ते जळालेलं क्षेत्र.

तिसऱ्या दिवशी गावाचं पाणी बंद झालं. आमचं पाणी वरच्या झऱ्यावरून काळ्या प्लास्टिकच्या पाइपाने उताराने येतं. सह्याद्रीतल्या शेकडो वाड्यांना असंच येतं, मोटार नाही, वीजबिल नाही. पाइप जमिनीवर उघडाच असतो, कारण कातळात तो पुरायचा कसा? आग वरच्या डोंगरापर्यंत गेली नाही, पण मधल्या एका पट्ट्यात शिरली होती आणि तिथला पाइप वितळून जमिनीला चिकटला होता. मी स्वतः जाऊन पाहिलं. काळ्या मेणासारखा थर, त्यात अडकलेली गवताची राख, आणि वरच्या तोंडातून पाणी नुसतंच दगडावर सांडत होतं. नवा पाइप यायला अकरा दिवस लागले. गावचा टाकीभर साठा आणि ट्रॅक्टरचा एकुलता एक टँकर तर त्या रात्री आगीवरच रिता झाला होता. मार्च महिन्यात गाव आपलं प्यायचं पाणी जंगलावर ओततं तेव्हा ते पाणी त्याला परत कोण भरून देणार, हा प्रश्न मी दोन कचेऱ्यांत विचारला. दोन्हीकडे माणसं चांगली होती. दोन्हीकडे उत्तर एकच होतं: हा विषय आमच्याकडे येत नाही.

म्हणून तुमच्याकडे आले. डोंगर वन विभागाचा, रस्ता बांधकाम खात्याचा, गाडी आगाराची, पाणी ग्रामपंचायतीचं. हे चारही विषय एकाच टेबलावर येतात ते फक्त तुमच्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 34 मध्ये जिल्हा प्राधिकरणाला आपत्तीच्या भागातली वाहतूक नियंत्रित करण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. दरडीसाठी तुम्ही तो वापरता. वणव्यासाठीही वापरा.

कायद्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक. भारतीय वन अधिनियम, 1927 चं कलम 79 सांगतं की राखीव आणि संरक्षित वनात ज्यांना चराईचा, लाकूडफाट्याचा किंवा दुसरा कसला हक्क आहे त्यांनी वणव्याची खबर द्यायची आणि तो विझवायला मदतही करायची. वनालगतच्या गावात सरकारी पगार घेणाऱ्यांवरही ते बंधन आहे. म्हणजे माझ्यावरही. मला ते मान्य आहे, मनापासून मान्य आहे. पण बंधन घालणाऱ्या व्यवस्थेने त्या माणसाच्या पायात काय आहे हे एकदा तरी बघावं. त्या रात्री आमच्यातल्या एकाची रबरी चप्पल तापलेल्या राखेत वितळली आणि टाचेला चिकटली. ती सोलून काढताना कातडी आली. तो दीड महिना शेतावर गेला नाही. तो मजूर म्हणून हजेरीपटावर नव्हता, म्हणून जखमींच्या यादीतही नव्हता. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्याच्या वणव्यात तीन वनमजूर गेले. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने गाठलेले ट्रेकर गेले. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या बिनसरला वन विभागाची माणसं गेली. वाळलेलं गवत, वर धावणारी आग आणि फिरलेला वारा एकत्र आले की निसटायला मिनिटंही मिळत नाहीत. आमच्याकडे असं अजून झालेलं नाही, हे आमचं नशीब. त्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

गोव्यात मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास डोंगर पेटले तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाण्याच्या बादल्या घेऊन आली. ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. आमच्याकडेही तेव्हापासून "हेलिकॉप्टर मागवा" असं म्हणणारे पुष्कळ झाले. मोठ्या आगीत त्याचा उपयोग असेलच, पण हेलिकॉप्टर आग दाबतं आणि विझवतो शेवटी जमिनीवरचा माणूस. गोव्यातही खाली वनकर्मचारी, अग्निशमन दलाचे जवान आणि गावकरी होतेच. आम्हाला आकाशातून काही नको आहे. जमिनीवर तीन-चार गोष्टी हव्या आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट रस्त्याच्या कडेच्या गवताची. पावसाळा संपला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत कापलं जातं, पण कापलेलं गवत तिथेच साईडपट्टीवर नाहीतर खालच्या उतारावर लोटून दिलेलं असतं. फेब्रुवारीपर्यंत त्याची गंजी तयार होते आणि एका सिगारेटच्या थोटकाला ती पुरते. गवत कापायचं तर ते उचलायचंही. आमच्या गावातले लोक ते गुरांसाठी फुकट उचलून नेतील, फक्त कापणी दिवाळीच्या आत व्हायला हवी, म्हणजे त्यात सत्त्व असतं. डिसेंबरात कापलेलं गुरंही तोंडात धरत नाहीत. वन विभाग आपल्या जाळरेषा वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी, 15 फेब्रुवारीच्या आत, करून घेतो. घाटरस्ता हीसुद्धा जाळरेषाच आहे, असं एकदा कागदावर मान्य झालं तर तिची साफसफाईही त्याच तारखेच्या आत होईल.

दुसरी गोष्ट खबरेची. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीची ठिकाणं टिपते आणि मोबाइलवर संदेश पाठवते. हे संदेश कुणालाही नाव नोंदवून मिळतात, फक्त अधिकाऱ्यांनाच नाही. ते नेहमी वेळेवर येतातच असं नाही, कारण उपग्रह आपल्या डोक्यावर साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला येतो आणि आमची आग तीनला लागली होती. म्हणून राज्याच्या वन विभागाचा 1926 हा क्रमांकही घाटाच्या दोन्ही टोकांना, एसटीच्या थांब्यावर आणि प्रत्येक टपरीवर रंगवलेला पाहिजे. पण खबर वनरक्षकापर्यंत पोचून थांबली तर आमचा प्रश्न सुटत नाही. तीच खबर त्याच मिनिटाला रस्त्याच्या शाखा अभियंत्याला, पोलीस ठाण्याला, आगाराला आणि सरपंचांना जायला हवी. घाटाच्या खालच्या टोकाला गाड्या थांबवायला माणूस उभा राहिला पाहिजे, आणि डोंगर विझल्यावर रस्ता मोकळा झाला हे सांगायची जबाबदारी एका नावावर पाहिजे. आज आग विझली की सगळे थकून घरी जातात आणि सुटणाऱ्या दगडांखालून पहिली गाडी कोणाची जायची ते नशिबावर असतं.

पाण्याचं आणि पाइपाचं सांगितलंच. आगीवर ओतलेला टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी भरून मिळावा आणि झऱ्याच्या पाइपाभोवती दोन हात रुंदीचा पट्टा जानेवारीतच साफ व्हावा, एवढंच मागणं आहे. पट्टा आम्ही श्रमदानाने करू, वन विभागाची परवानगी तेवढी वेळेत द्या. आणि वणव्यावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, तो मजूर असो वा गावकरी, जाण्याआधी एका वहीत लिहिलं जावं. बूट, सुती कपडे, बॅटरी आणि विमा ही त्या वहीतली पुढची पानं असतील. सुरुवात निदान नावाने करू.

आता आमच्या बाजूचं. वणवे गावकरीच लावतात, असं दर वर्षी ऐकतो. ते पूर्ण खोटं नाही. राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी शेतात पाला-फांद्या जाळताना, आग हातची सुटते. कुणी शिकारीसाठी लावतो, त्याला आम्ही ओळखतोही आणि बोलत नाही. आणि जुन्या लोकांची पक्की समजूत आहे की जाळलं की गवत जोमाने येतं. मी शाळेत चौथीच्या मुलांना कुसळाचं बी पाण्याच्या थेंबात ठेवून दाखवते. ते पिळासारखं गरगर फिरतं. असंच फिरत फिरत ते मातीत शिरतं आणि वरून आग गेली तरी आत सुखरूप राहतं. बाकीच्या गवताचं बी वरच राहतं आणि जळतं. म्हणजे डोंगर जितका जाळाल तितकं कुसळच वाढेल, जे गुरांच्या तोंडात टोचतं. मुलांना हे पटतं. ती घरी जाऊन आजोबांशी वाद घालतात. हे काम हळू चालतं, पण चालतं.

ते मोठ्या माणसांतही चालतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि जंगलात आगी लावल्या जातात. हातातलं उत्पन्न सोडलं. जंगल आपलं आहे हे कागदावर लिहून मिळालं की माणूस असा निर्णय घेऊ शकतो. आमच्या वनहक्काच्या दाव्यांचे कागदही कुठेतरी आहेत. ते शोधायला सांगाल तर वणव्याचं निम्मं काम तिथेच होईल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. नुसत्या गुन्हे दाखल करण्याच्या धमकीने एवढंच होतं की आग पाहिलेला माणूस खबर द्यायला घाबरतो, कारण खबर देणाऱ्याचीच आधी चौकशी होते.

एक शेवटची गोष्ट, जी मार्चमध्ये कुणाला दिसत नाही. जळालेल्या उतारावर गवत नसतं, पाला नसतो, मातीला झाकण नसतं. मे महिन्यात वळवाची पहिली सर आली तेव्हा तिसऱ्या वळणावर राखेचा काळा चिखल रस्त्यावर उतरला. दोन मोटरसायकली घसरल्या, एकाचा हात मोडला. मग जूनच्या पावसात तीच माती रस्त्याकडेच्या गटारात आणि रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोरीत जाऊन बसली. मोरी तुंबली, पाणी डांबरावरून वाहू लागलं आणि जुलैमध्ये त्या ठिकाणी रस्त्याची कड खचली. कड खचल्याची नोंद अतिवृष्टीत झाली आहे. पाऊस जोराचा होता हे खरंच, पण अलीकडच्या आणि पलीकडच्या वळणांवर तोच पाऊस पडला होता आणि तिथल्या मोऱ्या वाहत्या होत्या. तेव्हा मान्सूनपूर्व पाहणीला तुमचे अभियंते घाटात येतील तेव्हा त्या वर्षी कुठे कुठे जळालं याचा नकाशा वन विभागाकडून आधी मागून घ्यावा, आणि जळालेल्या उताराखालच्या मोऱ्या सगळ्यात आधी उपसाव्यात. दोन्ही खात्यांकडे माहिती आहे. ती एकमेकांना द्यायची आहे इतकंच.

यंदा आमच्या गावातून दहावीला पाच पोरं बसणार आहेत. गवत आत्ताच कमरेइतकं वाढलं आहे आणि पिवळं पडायला लागलं आहे. बाकी सगळं व्हायला वेळ लागेल हे मी समजते. पण एक काम एका आदेशाने होण्यासारखं आहे. डोंगर पेटलेल्या रात्री मुक्कामाची एसटी वर सोडायची की नाही, आणि नाही सोडली तर सकाळी मुलांना खाली कोण नेणार, हे ठरवणाऱ्या माणसाचं पद आणि फोन नंबर आम्हाला 15 फेब्रुवारीच्या आत कळवा. मी तो शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवीन आणि परीक्षा संपेपर्यंत पुसणार नाही.

आपली,
घाटमाथ्यावरची एक प्राथमिक शिक्षिका